बँड चालवणं आणि शिकवणं हे पूर्णवेळ काम होऊ शकतं का?

गोडोलीकर
मंडळी, प्रश्न भाच्याचा आहे, पण त्यावर माझंही एक मत आहे, म्हणून दोन्ही लिहितो.

भाचा पुण्यात बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत परेडच्या बँडमध्ये बिगुल हातात आला, तिथून ट्रंपेट. आता रविवारी एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मुलं गोळा करून शिकवतो. त्याला लग्नाचा बँड काढायचा नाही, ऑर्केस्ट्रात मागे उभं राहून वाजवायचंही नाही. साताऱ्यात परत येऊन त्याला गावाचा बँड उभा करायचाय. शाळकरी मुलं, बँकेतले लोक, निवृत्त झालेले, ज्याला शिकायचंय तो कुणीही. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी बसून वाजवायचं. दिवसा शाळांमधून शिकवायचं, संध्याकाळी हे. बहीण म्हणते, "मुलगा काय करतो विचारलं तर काय सांगू, बँडवाला?"

मध्यंतरी मी त्याचा वर्ग बघायला गेलो होतो. एक मुलगी गाल फुगवून कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटचंच आखूड भावंड, फुंकत होती, नुसती हवा येत होती. त्याने माउथपीस काढून बाजूला ठेवला. आधी नुसते ओठ मिटून घोडा फुरफुरतो तसा आवाज काढायला लावला. मग तोच आवाज माउथपीसमध्ये. मग माउथपीस वाद्याला लावून दिला आणि सूर आला, स्वच्छ. शाबासकी देऊन तो पुढे गेला नाही. "आता हाच सूर आठ मोजेपर्यंत, आणि शेवटी पडू द्यायचा नाही," म्हणाला. तोवर मागचा छोटा ड्रमवाला ओठ हलवत मात्रा मोजत बसला होता, कारण त्याला फक्त समेवर एक ठोका दिला होता. माझं मत असं की ही शिक्षकी आहे, आणि चांगली शिक्षकी आहे.

तर, याचं रीतसर शिक्षण कुठे मिळतं? पोट भरतं का? लहान गावात असं कुणी चालवलेलं पाहिलंय का?

एक_वाचक
वाचतोय. मुलगा क्लॅरिनेट वाजवतो आणि शेजारी अजून बोलतात आमच्याशी, एवढंच सध्या यश.

रोखठोक
गोडोलीकर, कडू लिहितो, राग मानू नका. मोठ्या फीच्या शाळांत पाश्चात्त्य संगीताची जागा असते, पण ती पियानो, गिटार, ड्रम्सवाल्याला. फुंकून वाजवायची वाद्यं मोजक्या ठिकाणी. सरकारी भरतीत तर विसराच. बीकॉम पूर्ण करू दे, नोकरी धरू दे, बँड रविवारी चालवू दे. छंद म्हणून सोनं आहे, चरितार्थ म्हणून नाही.

करवीरकर
ताईंच्या "बँडवाला" या शब्दावर आधी बोलतो. आमच्याकडं मिरवणुकीत, वरातीत जे वाजवतात त्यांच्यात कित्येक घराणी तीन-तीन पिढ्यांची हायती. मातंग समाजातली आहेत, मुसलमान आहेत. हलगी आणि सनई घरात होतीच, त्यात क्लॅरिनेट, कॉर्नेट आलं. उस्ताद नवं पोरगं घेतो, आधी खुळखुळा देतो, मग साइड ड्रम, मग कुठं पितळेला हात लावू देतो. नवं गाणं आलं की मोबाइलवर चारदा ऐकायचं, तोंडानं म्हणायचं, संध्याकाळी वरातीत वाजवायचं. ते पण शिक्षणच की ओ. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मानाच्या गणपतींपुढं प्रभात, दरबार, न्यू गंधर्व वाजायला लागले की माणसं रस्त्यावर थांबून ऐकतात. मग त्यातल्या मास्तराचा मुलगा शाळेत दाखल्यावर बापाचा धंदा लिहिताना का अडखळावा? तुमचा भाचा गावाचा बँड काढणार असेल तर पहिल्यांदा साताऱ्यातल्या जुन्या बँडमास्तरांच्या घरी जाऊन बसू दे. त्यांना बाजूला ठेवून काढला तर तो गावाचा कसला?

म्हापशेकर
करवीरकर, शंभर टक्के. आणि रोखठोकना गोव्याचं उदाहरण देतो, कारण आमच्याकडे हे काम शेकडो वर्षं पगारी होतं.

पोर्तुगीज काळात चर्चला जोडून पारोकियल शाळा असायच्या. तिथला मास्तर म्हणजे मेस्त. तो मुलांना सोल्फेज शिकवायचा, म्हणजे कागदावरचे सूर बघून हाताने ताल देत गायचे. ते पक्कं झाल्याशिवाय व्हायोलिनला हात नाही. चर्चचा गायनवृंद तोच सांभाळायचा, फेस्ताला बँडही तोच उभा करायचा. त्या शाळांतून निघालेली मुलं मग ब्रिटिश इंडियातल्या पलटणींच्या आणि पोलिसांच्या बँडमध्ये, मूकपटांच्या थेटरात, हॉटेलांत आणि शेवटी हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला पोचली. शंकर-जयकिशनचे अरेंजर, म्हणजे चालीवर वाद्यमेळ बसवणारे, सेबास्टियन डिसोझा गोव्याचेच.

अँथनी गोन्साल्विस तर सगळ्यांना नावाने माहीत, 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' या गाण्यामुळे. पण ते खरे कोण होते? वडील माजोर्ड्याच्या चर्चचे मेस्त, घरातच धडे. मुंबईत लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, रागांवर आधारलेल्या रचना स्वतः लिहिल्या, सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केले. पुढे ते अमेरिकेला गेले आणि तो वाद्यवृंद टिकला नाही. शिष्य मात्र टिकले. १९७७ च्या त्या गाण्यात प्यारेलालनी आपल्या गुरूचं नाव लावलं. मला त्यांच्या आयुष्यातली कळीची गोष्ट हीच वाटते. कंडक्टर कितीही मोठा असो, मागे संस्था नसेल तर वाद्यवृंद त्याच्याबरोबर संपतो. म्हणून भाच्याने पहिल्या दिवसापासून बँड ट्रस्टच्या नावावर करावा, स्वतःच्या नाही.

रोखठोक
म्हापशेकर, माहिती उत्तम. पण मेस्तला चर्च होतं. साताऱ्यात कोण आहे?

चौघडा
साताऱ्यात कोण आहे ते पुढे बघू. मध्य प्रदेशातल्या मैहरमध्ये कोण होतं ते सांगतो.

सरोदिये उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, म्हणजे बाबा, म्हटलं की लोकांना त्यांचे शिष्य रविशंकर, अली अकबर, अन्नपूर्णादेवी, निखिल बॅनर्जी, पन्नालाल घोष एवढेच आठवतात. बाबांनी एक बँडही चालवला, आणि तो आजही मैहरला आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गावागावांतली मुलं अनाथ झाली. बाबांनी अशी मुलं गोळा केली आणि त्यांना वाजवायला शिकवलं. सतार, सरोद, इसराज, तबला, त्यांच्या जोडीला व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम. बंदुकीच्या नळ्या कापून, सुरात लावून नलतरंग बनवलं. सगळं तोंडपाठ, समोर कागद नाही. आणि बाबा हे शिकले कुठे? कलकत्त्यात. तिथे हबू दत्तांकडे अनेक वाद्यं, लोबो नावाच्या गोवेकर बँडमास्तराकडे व्हायोलिन. म्हापशेकर, तुमचा मेस्त असा मैहरपर्यंत पोचलाय.

आता रोखठोक म्हणतील राजाश्रय होता. होता, महाराजा ब्रिजनाथ सिंहांचा. पण संस्थानं गेल्यावरही बँड संपला नाही, १९५५ साली तिथे संगीत महाविद्यालय झालं. बडोद्याचं बघा. सयाजीरावांच्या मदतीने मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली, तिचाच आज विद्यापीठातला प्रयोगजीवी कलांचा, म्हणजे संगीत-नृत्य-नाट्याचा, विभाग झालाय. राजा गेला, शाळा राहिली.

वऱ्हाडी_ठसका
बाप्पा, नळ्या कापून वाद्य! आमच्या गावात असं कोणी केलं असतं तर पहिले ठाण्यात नेलं असतं. ऐकायचा कुठं सापडते हा बँड?

चौघडा
@ठसका, जुनी-नवी रेकॉर्डिंग इंटरनेटवर सहज मिळतील. "मैहर वाद्यवृंद" शोधा. हेडफोन लावून ऐका, नळ्यांचा आवाज एकदम कळतो.

मेघना_मिशिगन
इथलं सांगते, म्हणजे तुलना करता येईल.

अमेरिकेत शाळेच्या वेळापत्रकात बँड हा विषय असतो. पाचवी-सहावीत मूल वाद्य निवडतं आणि बारावीपर्यंत रोज एक तास. शिकवणारा बँड डायरेक्टर पदवीधर शिक्षक असतो. संगीतशिक्षणाच्या पदवीत त्याला मेथड क्लास करावे लागतात. मुख्य वाद्य ट्रंपेट असलं तरी फ्लूट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, तालवाद्यं, सगळ्यांवर प्राथमिक धडे वाजवता आलेच पाहिजेत, नाहीतर सहावीतल्या मुलाचा ओठ चुकतोय की बोट, हे कसं ओळखणार? शेवटी काही महिने खऱ्या शाळेत शिकवायचं, मग राज्याचं लायसन्स.

कम्युनिटी बँड हा याचा पुढचा भाग. शाळा सुटली तरी वाद्य कपाटात जाऊ नये म्हणून. माझ्या बँडमध्ये डेंटिस्ट आहे, ट्रक चालवणारे आहेत, माझ्या शेजारी बसणाऱ्या आजी नातीबरोबर येतात. कंडक्टर निवृत्त बँड डायरेक्टर आहेत, मानधन नाममात्र. त्यांचं कौशल्य कशात आहे सांगू? कोण आलं नाही ते बघून ऐन वेळी सूर भरून काढण्यात. आमच्याकडे ओबो नाही. स्वरलिपीत ओबोची ओळ बारीक अक्षरात क्लॅरिनेटच्या कागदावरही छापलेली असते, ती ते मला वाजवायला लावतात. भाच्याला हे फार उपयोगी पडेल, कारण गावच्या बँडमध्ये कधी सहा ट्रंपेट आणि एकही ट्रॉम्बोन नाही अशीच अवस्था असणार. कुठलीही वाद्यं घेऊन वाजवता येतील अशा लवचीक रचना आता खास लिहिल्या जातात, त्या शोधाव्यात.

सुनंदा_केतकर_पेठ
मी पुण्यात दोन शाळांत बँड शिकवते, त्यामुळे रोखठोक आणि मेघनाताई दोघांच्या मधलं उत्तर देते.

रोखठोक, पूर्णवेळ जागा दुर्मिळ, हे खरं. आमचं काम तासांवर चालतं. एप्रिल-मे कोरडा जातो. एका शाळेत वार्षिक संमेलन झालं की वाद्यं कपाटात कुलूपबंद व्हायची आणि जूनमध्ये काढली की वॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायला बोटाने दाबायच्या कळा, गच्च. तिथून पुढे मी लेखी करारात दोन गोष्टी घालते: वर्षभर शिकवणार, आणि मुलांना वाद्य घरी न्यायला मिळणार. घरी नेल्याशिवाय कुणी शिकत नाही. तासांची फी, घरच्या शिकवण्या आणि परीक्षांची तयारी मिळून माझं घर चालतं. श्रीमंती नाही, पण चालतं.

शिक्षणाचं म्हणाल तर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा, एक ते आठ ग्रेड आणि पुढे डिप्लोमा. त्यात वाजवणं आणि थिअरी येईल, पण बँडसमोर उभं राहणं येणार नाही. ते उभं राहूनच येतं. समोर वीस जण एकदम वाजवत असताना तिसऱ्या क्लॅरिनेटचा कोमल निषाद शुद्ध लागलाय, हे कानाने पकडायचं आणि त्याचं नाव न घेता दुरुस्त करायचं. ठोक्याच्या आधीचा ठोका द्यायचा, कारण वाजवणाऱ्याने श्वास त्याच्यावर घ्यायचा असतो. तो ठोका घाईचा झाला की अख्खा बँड धापा टाकत सुरू होतो.

आणखी एक, जे आपल्या मुलांना कागदावर समजत नाही पण पेटीवर लगेच समजतं. ट्रंपेट आणि क्लॅरिनेटचा सा म्हणजे काळी पाच. आल्टो सॅक्सोफोनचा सा काळी दोन. फ्लूट आणि ट्रॉम्बोनचा पांढरी एक. सगळ्यांना काळी पाचवर आणायचं तर ट्रंपेटने आपला सा धरायचा, सॅक्सोफोनने आपला पंचम. मी पहिल्या आठवड्यात पेटी घेऊन बसते आणि हे वाजवून दाखवते. मुलं पुन्हा गोंधळत नाहीत.

तानपुरा_एकटा
सुनंदाताई, इथेच माझी हरकत आहे. वॉल्व्हच्या वाद्यावर मींड कुठून आणणार? बारा सुरांच्या चौकटीत यमन वाजेल, पण मियाँ मल्हारातला आंदोलित गंधार नाही लागणार. मुलांचा कान आधीच पेटीने बोथट केलाय, त्यात हे. आधी तीन वर्षं गाणं, मग बँड.

सुनंदा_केतकर_पेठ
ट्रॉम्बोनवर मींड येते, क्लॅरिनेटवर ओठ सैल करून बऱ्यापैकी येते. मल्हार नाही वाजवणार आम्ही, मान्य. पण तीन वर्षं थांबायला सांगितलं तर बारा वर्षांचं मूल परत येत नाही हो. गायला मात्र मीही लावते. जी ओळ गाता येत नाही ती वाजवता येत नाही. एवढ्यावर आपलं जमतंय का बघा.

तानपुरा_एकटा
गायला लावता, मग माझं भांडण संपलं. :)

माजी_फौजी
जय हिंद. मध्य प्रदेशातल्या पंचमढीचं नाव अजून कुणी घेतलं नाही. तिथे लष्कराचं संगीत प्रशिक्षण केंद्र आहे, एईसी (आर्मी एज्युकेशन कोअर) केंद्रातला मिलिटरी म्युझिक विंग. बँडमास्तर तयार करणारा लांब पल्ल्याचा कोर्स तिथला. कंडक्टिंग, हार्मनी, वेगवेगळ्या वाद्यांसाठी लिहिणं, सगळं पक्कं होतं. पण ते सैन्यातल्या माणसांसाठी, बाहेरून दार ठोठावून मिळत नाही. भाच्याने काय करावं? आमच्यातले निवृत्त बँडमास्तर शोधावेत. सातारा जिल्ह्यात फौजी घर नाही असं गाव सापडणं अवघड, त्यातला कुणीतरी बासरी, बॅगपाइप किंवा युफोनियम (खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य) वाजवलेला असणारच. पेन्शन आहे, वेळ आहे, आणि सकाळी सहाला तालमीला बोलावलं तर पावणेसहाला हजर असतात.

लीड्सची_वैशाली
मेघनाच्या उत्तराला जोड देते. इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये गिरणीच्या आणि कोळशाच्या खाणीच्या गावांत ब्रास बँड होते आणि गिरण्या-खाणी बंद पडल्यावरही बरेच आहेत. ब्लॅक डाइक हा इथला नावाजलेला बँड, १८५५ साली कापड गिरणीच्या मालकाच्या पाठिंब्याने उभा राहिला. वाजवणारे कामगार, नोटेशनशी आधी संबंध नाही. त्यासाठी यांनी एक युक्ती केली ती फार आवडते मला. कॉर्नेटपासून भल्यामोठ्या ट्यूबापर्यंत जवळजवळ सगळ्यांचा कागद एकाच पद्धतीने लिहायचा. बास ट्रॉम्बोन तेवढा वेगळा. म्हणजे कागदावर अमुक सूर दिसला की बोटं तीच, वाद्य कुठलंही असो. कॉर्नेटवाला आजारी पडला, हॉर्नवाल्याला कॉर्नेट द्या. ट्यूबावाला गाव सोडून गेला, युफोनियमवाल्याला बसवा. पुन्हा शिकवायची गरज नाही. साताऱ्यात फक्त पितळी वाद्यांपासून सुरुवात केली तर हे जसंच्या तसं उचलता येईल.

आणि गोडोलीकर, तुमच्या ताईंना इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टची गोष्ट सांगा. 'प्लॅनेट्स' या रचनेमुळे जगभर नाव. पण पोटासाठी आधी ट्रॉम्बोन वाजवायचे, आणि १९०५ पासून १९३४ साली मृत्यू होईपर्यंत लंडनच्या एका मुलींच्या शाळेत संगीतशिक्षक होते. शिवाय मॉर्ली कॉलेजात संध्याकाळी कामगार वर्गातल्या प्रौढांना शिकवायचे. शाळेच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेला 'सेंट पॉल्स सूट' (सूट म्हणजे छोट्या वाद्यरचनांची माळ) आज मोठमोठे वाद्यवृंद वाजवतात. बँडसाठी १९०९ साली लिहिलेला त्यांचा पहिला सूट तर बँड शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हाताखालून जातो. हा मनुष्य संस्कृत शिकला, ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली दिल्या आणि महाभारतातल्या सावित्रीवर छोटा ऑपेरा लिहिला. स्वतःचं लिहायला वेळ मिळायचा तो शनिवार-रविवार आणि सुट्टीत. शिक्षकी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

एक_वाचक
सावित्रीवर ऑपेरा! हे माहीत नव्हतं. धाग्याने आज पैसे वसूल.

रोखठोक
वैशाली, सुनंदाताई, मी माझं मत थोडं बदलतो. नोकरी धरू दे म्हणालो होतो. त्याऐवजी असं म्हणतो, की पहिली दोन वर्षं शाळांचे तास मिळवण्यात घालवावीत आणि गावाचा बँड त्या कमाईवर उभा करावा. वाद्यांचा खर्च मात्र कुणी बोललं नाही. त्याचं काय?

करवीरकर
वाद्यं मेरठहून येतात ओ. जली कोठी म्हणून भाग आहे, गल्लीच्या गल्ली पितळेचं काम करते. नादिर अली कंपनी तर १८८५ पासूनची. भारतभरच्या लग्नाच्या बँडांची वाद्यं तिथलीच. परदेशी वाद्यापेक्षा कितीतरी स्वस्त. सुरात थोडं इकडं-तिकडं असतं, घेताना पेटी घेऊन बसावं. आणि जुनं घ्यायचं तर वॉल्व्ह दाबून बघा, वर येताना रेंगाळला तर घेऊ नका. डेंट चालेल, वॉल्व्ह नाही चालणार.

सुनंदा_केतकर_पेठ
करवीरकर बरोबर. फक्त माउथपीस चांगला घ्या. वाद्य साधं, माउथपीस चांगला, हे मुलांसाठी जमतं. आणि पत्र्याच्या शेडमध्ये तालीम ठेवू नका. उन्हाळ्यात फुंकीची वाद्यं चढतात, पेटी जागच्या जागी, आणि मुलांना वाटतं आपलंच चुकतंय.

गोडोलीकर
सगळ्यांचे आभार. हा धागा बहिणीला आणि भाच्याला दोघांना वाचून दाखवला. बहिणीने होल्स्टपेक्षा माजी फौजींचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला, कारण आमचे आजोबा पलटणीत होते. ती म्हणाली, "बँडमास्तर म्हणेन मी." भाच्याने वैशालीताईंची युक्ती लगेच वहीत उतरवली. पितळी वाद्यांपासूनच सुरुवात करणार, सगळ्यांचा कागद एकाच पद्धतीचा. शनिवारी तो साताऱ्यातल्या एका जुन्या बँडमास्तरांकडे गेला होता. त्यांनी आधी त्याला वाजवायला लावलं, मग स्वतः कॉर्नेट काढला आणि त्याला एक भूपाळी शिकवून परत पाठवलं. पुढच्या शनिवारी परत बोलावलंय.

रोखठोक, तुमचंही ऐकलं. दोन शाळांशी बोलणं चालू आहे, तासांवर, आणि सुनंदाताईंची दोन्ही कलमं करारात घालायला सांगितलीत. ट्रस्टचे कागद मी बघतो.

आता एक अडचण. कॉर्नेट आणि ट्रंपेट जमलेत, खालचे सूर धरायला काही नाही. जुनं युफोनियम कुणाकडे आहे का?

करवीरकर
आमच्या गल्लीत एका घरी आहे, वाजवणारे वारले. पोरं विकणार नाहीत म्हणाली, पण शिकायला कुणी नेत असेल तर देऊ म्हणतात. दुसरा वॉल्व्ह रेंगाळतोय, मिस्त्रीला दाखवावा लागेल. दिवाळीच्या आत या, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते आणि मिस्त्री हाताला लागत नाही.

गोडोलीकर
रविवारी भाच्याला घेऊन येतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.